दुसऱ्याचा हात

१

गुराबी बंदरावर शनिवारी सकाळी पहिला आवाज व्हायचा, तो रॉन्डाने क्लबच्या खिडक्यांची झापं वर ढकलल्याचा. मग पेलिकन जेटीवर येऊन बसायचे, मग केल्विनच्या होडीचं इंजिन खोकायचं, आणि त्यानंतर गाव जागं झालं असं समजायचं. रॉन्डा या मासेमारी क्लबची वजनमास्तर. हौशी मंडळी समुद्रातून मोठा मासा आणत, जेटीवरच्या लोखंडी कमानीला शेपटीकडून उलटा टांगत, आणि रॉन्डाने काट्यावरचा आकडा वाचला की ती काळ्या दगडावरची रेघ. तिच्याशी हुज्जत घालायची कोणाची छाती नव्हती, नवऱ्याचीसुद्धा.

बारच्या समोरच्या भिंतीवर दोन जबडे टांगले होते. दोन्ही टायगर शार्कचे. एक तिच्या बाबांच्या माशाचा, म्हणजे आर्ची टिंडलच्या. तो रॉन्डा फ्रॉक घालायची त्या काळातला. दुसरा तिच्या नवऱ्याच्या, डेसच्या माशाचा, मागच्या उन्हाळ्यातला. मधे चाळीसएक वर्षं गेली होती, आणि दोन्ही माशांचं वजन औंसापर्यंत सारखं. किनाऱ्यावर एवढा टायगर शार्क गळाला कोणीच लावला नव्हता. लावला तो एकाच घरात दोनदा.

हौशी मासेमारीत एक नियम सगळ्यांच्या वर. मासा गळाला लागल्यापासून होडीला लागेपर्यंत रॉड आणि दोरी एकाच माणसाच्या हातात. दुसऱ्या कोणाचं बोट जरी लागलं, तरी विक्रम बाद. गुराबीकरांनी या नियमाला आपलं शेपूट जोडलेलं. विक्रमी माशाचा जबडा भिंतीवर लावताना गळ त्यात तसाच ठेवायचा, दोरी गळाला तशीच बांधलेली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला ज्याचा त्याचा रॉड, शेजारी खुंट्यांवर. भिंतीवर गेल्यावरही त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. म्हणून रॉन्डा सगळा क्लब झाडायची, पण त्या दोन दोऱ्या सोडून. बाबांच्या दोरीवर इतकी धूळ साचली होती की ती लोकरीसारखी दिसायची.

त्या शनिवारी तिचं लक्ष डेसच्या दोरीकडे गेलं. पिवळी दोरी, आपल्या वजनाने झोळ घेऊन लोंबायची. आज झोळ नव्हता. रॉडपासून जबड्यापर्यंत दोरी सरळ होती, आणि तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

'लाकूड फुगलं असेल, खुंटी सरकली असेल,' असं रॉन्डा मनात म्हणाली आणि कॉफीचं पाणी ठेवायला गेली.

२

अध्यक्ष नेव्हिल ड्रिस्कॉल न्याहारीच्या वेळेला आला. हा माणूस बोलायला लागला की भरतीची ओहोटी व्हायची.

"रॉन्डा, बंदराच्या फाटकावर नवी पाटी रंगवायची आहे. मोठ्ठा शार्क, आणि खाली एक नाव. एकच. रंगारी दोन माशांना जागा नाही म्हणतो. मग सांग, कोणाचा मोठा?"

"काट्यावर दोघे सारखे. मीच वाचलंय."

"डेसचा तू वाचलास. आर्चीचा तेव्हाच्या मास्तरांनी. वजन सारखं असू दे गं, पण जबडा? ज्याचा जबडा रुंद, त्याचा मासा मोठा. टेप घे नि माप. बापाची बाजू घेऊ नकोस, नवऱ्याचीही नको."

"मग कोणाची घेऊ? तुझी?"

"माझा मासा तुझ्या सँडविचात बसेल," नेव्हिल म्हणाला आणि तिच्या ताटलीतला टोस्ट उचलून गेला.

रॉन्डाला काम आवडलं. कोडी तिला लहानपणापासून आवडायची; काट्यावर बसणाऱ्या माणसाला तो गुण लागतोच. तिने शिडी लावली, आणि पहिल्याच पायरीवर अडचण आली. बाबांचा जबडा मिटलेला होता. दातांवर दात घट्ट, मधून कागदही जाणार नाही. मापायचं काय?

गंमत म्हणजे तो मिटलेला आहे हे तिला रोज दिसायचं, पण कधी जाणवलं नव्हतं. आणि भिंतीवर, त्याच जबड्याखाली, फोटो होता: चर्चचा पांढरा फ्रॉक घातलेली छोटी रॉन्डा, उघड्या जबड्याच्या मधोमध उभी, डोक्यावर दातांची कमान. म्हणजे तेव्हा त्यातून एक मुलगी आरपार जात होती.

'शार्कला हाडं नसतात, सगळी कूर्चा,' ती स्वतःशी म्हणाली. 'नीट वाळवली नाही तर आकसते.' मग तिने डेसचा जबडा मापला आणि आकडा फळ्यावर खडूने लिहिला. नेव्हिलला काय सांगायचं ते पुढच्या शनिवारी बघू.

पुढच्या शनिवारी तिने सवयीने पुन्हा मापलं. जबडा लहान झाला होता. फार नाही, अंगठ्याएवढा.

रॉन्डा घाबरली असती तर बरं झालं असतं. तिला कुतूहल वाटलं. तिने बिअरची रिकामी बाटली घेतली आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये, जबडा अरुंद होतो त्या कोपऱ्यात उभी केली. बाटली सहज बसली, वर दोन बोटं जागा उरली. आठवड्याने जागा नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिने बाटली काढायला ओढली, तर निघेना. काचेला कान लावला तेव्हा आत बारीक, उंच सूर येत होता. खाडीवरून दक्षिणेचा वारा सुटला की तारा वाजतात तसा. पण त्या दिवशी वारा पडलेला होता.

३

डेस हा मोठ्या हाडाचा, मोठ्या हसण्याचा माणूस. रंगारी, सुतार, मोटार दुरुस्त करणारा, सगळं थोडं थोडं. पण गावात त्याची ओळख एकच: आर्चीचा जावई. लग्नाच्या दिवशी नेव्हिलने भाषणात त्याला 'क्लबचा घरजावई' म्हटलं होतं, आणि ते नाव त्याला गोचिडासारखं चिकटलं. मागच्या उन्हाळ्यात तो शार्क कमानीला लागला आणि रॉन्डाने आकडा वाचला, तेव्हा डेस भर जेटीवर रडला होता. त्या रात्री झोपताना म्हणाला, "रॉन, आता मी कोणाचा जावई नाही."

तोच डेस आता जेवणाच्या टेबलावर अर्धा मीट-पाय ताटलीत ठेवून उठायचा. मटणाचा खिमा भरून भाजलेला मैद्याचा पदार्थ, वर टोमॅटोचा सॉस. पूर्वी असले तीन गिळून चौथ्याचा वास घेणारा माणूस. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवी भोकं पाडली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. रक्त उत्तम, छाती उत्तम. म्हातारा होतोयस, म्हणाले." त्याने दंड चोळले. "एवढंच, की हात दुखतात. अजून ओढ लागते गं."

"कसली ओढ?"

"त्याची. मोठा मासा लढवला की रात्री स्वप्नात ओढतो, माहितीय ना तुला? सगळ्यांना होतं. पण महिनाभर. माझी अजून जात नाही. जागेपणी पण लागते. कधी कधी वाटतं, खुर्चीतून उठलो तर पुढेच जाईन."

हे तो हसत म्हणाला. रॉन्डा हसली नाही, कारण हे वाक्य तिने याआधी ऐकलं होतं. बाबा असेच हात चोळायचे. देखणा, दांडगा आर्ची टिंडल काही वर्षांत असा वाळला की शेवटी ती त्याला पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवायची, उशी उचलावी तशी. तेव्हाही डॉक्टर 'काही नाही' म्हणाले होते. तिला ते आठवलं आणि तिने काटाचमचा खाली ठेवला.

"काय झालं?" डेसने विचारलं.

"काही नाही. मीट-पाय संपव."

४

"नेव्हिल, बाबांचा जबडा कधी मिटला?"

नेव्हिल जेटीवर आमिषासाठी मासे कापत होता. "असा का गं प्रश्न? तो... थांब. आर्ची गेला त्या हिवाळ्यात. शोकसभेला आम्ही सगळे आत जमलो, तर भिंतीवर जबडा बंद. कोणीतरी म्हणालं, मालकाबरोबर त्यानेही डोळे मिटले. डोळे नव्हते म्हणा त्याला. दमट हवा, दुसरं काय."

"आणि दोरी?"

"दोरीचं काय?"

"त्याआधी ताठ होती का?"

नेव्हिलने सुरी थांबवली. "अगं, तू विचारतेस म्हणून आठवतं. आर्चीच म्हणायचा, माझी दोरी सैल पडू देत नाही मी. आम्हाला वाटायचं, येता-जाता रीळ फिरवून ठेवतो. तो गेल्यावर सैल पडली. फिरवणार कोण?"

रॉन्डा आत आली आणि दोन्ही फोटोंसमोर उभी राहिली. बाबा आणि त्यांचा मासा; डेस आणि त्याचा मासा. नेव्हिलने मोठा कोण ते विचारलं होतं. ती वेगळंच काही बघत होती. टायगर शार्कचे पट्टे पिल्लाच्या अंगावर ठळक असतात. मासा मोठा झाला की ते फिके पडतात, आणि एवढ्या म्हाताऱ्या धुडावर तर शोधावे लागतात. या दोघांच्या अंगावर पट्टे डांबराने ओढल्यासारखे काळे होते. कल्ल्यामागचा तिसरा पट्टा दोन्हीकडे खाली दुभंगला होता.

'पट्टे पट्ट्यांसारखेच असणार,' ती स्वतःला म्हणाली. 'आणि बाबांचा मासा मी स्वतः मेलेला बघितलाय. त्याच्या यकृताचा वास अजून नाकात आहे.' दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या एकत्र बसत नव्हत्या. तिला भीती वाटत होती, आणि जवळ जाऊन बघावंसंही वाटत होतं. बघावंसं वाटणं जरा जास्तच होतं, हे तिचं तिला कळलं.

घरी तिने सरळ विषय काढला. "डेस, तो जबडा उतरवू या. दोरी सोडू या."

"पाटीवर आर्चीचं नाव लागावं म्हणून?"

"मेलं पाटीचं! तू आरशात बघतोस का स्वतःकडे?"

"बघतो की. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला तिथे मी दिसतो." त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे तिला जास्त लागलं. "रॉन, दोरीला कोणी हात लावायचा नाही. तू तर नाहीच. वजनमास्तरच्या हातून विक्रम बाद झाला तर पिढ्यानपिढ्या हसतील. कबूल?"

तिने कबूल केलं नाही. पण मान वळवली, आणि त्याने ती होकार म्हणून घेतली.

५

ईस्टरच्या स्पर्धेला जेटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारचं लख्ख ऊन, तळलेल्या बटाट्यांचा वास, मुलांच्या हातात आइस्क्रीम. कमानीला कोणाचा तरी मार्लिन मासा लागायचा होता, आणि वजनाचे दोर आणायला रॉन्डा एकटी आत आली.

आत थंड होतं. बाहेरून आल्यामुळे डोळ्यांपुढे हिरवं हिरवं दिसत होतं. काहीतरी टचकन वाजलं, आणि जबड्यातली बाटली फुटून तिच्या पायाशी आली.

काचा झाडाव्यात म्हणून ती वाकली नाही. ती दोरीकडे बघत राहिली. दोरी थरथरत होती, आणि रिळाची चकती एक दात पुढे सरकली. कर्र. मग थांबली. मग पुन्हा. कर्र, कर्र. अंगठ्याएवढी दोरी जबड्याच्या दिशेने गेली. भिंतीच्या दिशेने. भिंतीपलीकडे कोठी होती, आणि कोठीत बिअरचे खोके.

बाहेर कोणीतरी ओरडलं, "डेसला खुर्ची द्या रे, पांढरा पडलाय!"

रॉन्डाने हात पुढे केला आणि दोरी मुठीत धरली.

मासा गळाला आहे की गळ खडकात अडकलाय, हे कोळ्याच्या पोराला पहिल्या झटक्यात कळतं. खडक ओढत नाही. हे ओढत होतं. आधी संथ, जड, कशाचीही घाई नसल्यासारखं. मग त्याला कळलं की हात बदललाय. दोरी क्षणभर सैल झाली. मग तीन ठोके आले, डोकं इकडून तिकडे झटकल्याचे. तिच्या खांद्यापर्यंत ते पोचले, आणि तिला वाटलं की आपल्यातून काहीतरी पातळ, कोमट, दोरीवरून पुढे चाललंय.

तिने वर बघितलं. जबडा आता हातभरच उघडा होता. त्यातून मागच्या लाकडी फळ्या दिसायला हव्या होत्या. फळ्या होत्या, पण त्या हिरव्या होत्या आणि खोल होत्या. त्यांच्यावरून काळे पट्टे सरकत होते. एक, मग एक, मग खाली दुभंगलेला. संपत नव्हते. तिला शेवटचं टोक बघायचं होतं, खरंच बघायचं होतं, आणि तिने आणखी एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा.

मग बाहेरून तिला डेसचा आवाज आला. "अरे, बरं वाटतंय! सोडा, सोडा मला, एकदम बरं वाटतंय!"

खिडकीत आमिष कापायची सुरी होती. रॉन्डाने ती घेतली आणि दोरी कापली. रॉडकडचं टोक तिच्या हातात राहिलं. दुसरं सपकन जबड्यातून आत गेलं, पिवळी दोरी नि गळ सगळं, आणि पुढच्या क्षणी तिथे फळ्या होत्या, कोरड्या, जुन्या, खिळे गंजलेल्या.

कोठीत जाऊन तिने बिअरचे सगळे खोके हलवून बघितले. दोरी तिथे नव्हती.

६

डेस सुधारला. आठवड्यात त्याने पट्ट्याची दोन भोकं परत मिळवली, महिन्यात तीन मीट-पाय एका बैठकीत खाल्ले. पण रॉन्डाशी तो कामापुरतंच बोलायचा.

तिने काही लपवलं नव्हतं. नेव्हिलला सांगितलं, मी दोरी धरली आणि कापली. कारण विचारलं तेव्हा 'कारण माझं मला' एवढंच म्हणाली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिला काट्यावरूनही उठवलं असतं. नेव्हिल डोकं धरून बसला. नियम तो नियम. डेसचं नाव भिंतीवरून उतरलं आणि फाटकावर रंगाऱ्याने आर्ची टिंडल लिहिलं. गावाने काय म्हणायचं ते म्हटलं: पोरीने शेवटी बापाचंच पारडं जड केलं.

एका संध्याकाळी डेस आपणहून बोलला. "त्या दिवशी मी कमानीपाशी होतो. एकदम असं झालं, की माझ्या हातातलं अर्धं ओझं दुसऱ्याने धरलं. तेव्हाच तू आत होतीस ना?"

"हो."

तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला. ती मनात म्हणाली, कळलं याला, कळलं. आणि तो म्हणाला, "तरी नको होतं धरायला, रॉन. माझं होतं ते."

शनिवारी सकाळी ती झापं उघडायला गेली तेव्हा भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या होत्या. डेसने आपला रॉड उतरवून नेला होता. विक्रम बाद, मग तो भिंतीवर कशाला? केल्विनची होडी 'कर्लू' पहाटेच बाहेर पडली होती.

रॉन्डाने स्वतःला समजावलं. समुद्र मोठा आहे. असा मासा माणसाच्या जन्मात एकदा लागतो. तिने रेडिओ लावला, कॉफीचं पाणी ठेवलं, बार पुसला. जबड्याकडे ती बघत नव्हती. तो त्या दिवसापासून हातभर उघडा, तसाच थांबला होता.

न्याहारीच्या सुमाराला रेडिओ खरखरला. "गुराबी, गुराबी, मी कर्लू. रॉन्डा, आहेस का?" केल्विनचा आवाज, आनंदाने फुटलेला. "तुझ्या नवऱ्याला लागलाय गं! टायगर! आता होडीखालून गेला, बाप रे, काय धूड आहे! आणि गंमत ऐक, तोंडातून आपल्याच क्लबची पिवळी दोरी लोंबतेय. कोणाचा तरी सुटलेला असणार. आणि पट्टे, रॉन्डा! पिल्लासारखे काळेकुट्ट!"

रॉन्डाने माइक दोन्ही हातांनी धरला. "केल्विन, दोरी काप."

"काय?"

"काप म्हणते ना!"

रेडिओवर हसणं ऐकू आलं. "अगं, आर्चीचा विक्रम राहील की, सारखाच भरेल हा फार तर. एवढी कसली धास्ती? डेस तर पार वाकलाय खुर्चीत, नुसता ओढला जातोय. पण सोडत नाही पठ्ठ्या."

"केल्विन, ऐक. कापू नकोस. नुसता हात लाव. रॉडला, दोरीला, कुठेही. एक बोट लाव, मी पाया पडते तुझ्या."

"म्हणजे बाद करू त्याला? पुन्हा?" केल्विनचं हसणं थांबलं. मागून डेसचा आवाज आला, बारीक, दमलेला, पण इतका सुखी की तिने तो लग्नानंतर ऐकला नव्हता: "कोणी हात लावायचा नाही! केल्व, शपथ आहे तुला! रॉन, काटा तयार ठेव!"

मागे रीळ एकसारखं करकरत होतं.

"केल्विन! मी वजनमास्तर म्हणून सांगतेय, मीच हा मासा बाद करते आत्ता, आत्ता! आता तरी लाव हात!"

मग केल्विन हळू आवाजात, लाजवायला नको म्हणून बोलावं तसा बोलला, "रॉन्डा, एकदा केलंस ते झालं. या वेळी त्याला लढू दे. हे बघ, एका हातात माइक आहे, दुसरा मी खिशात घातलाय."

रॉन्डाने मान वर केली. समोर भिंतीवरचा जबडा सताड उघडा होता, पहिल्या दिवशी टांगला तेव्हा होता तसा, एक मोठा माणूस मान वाकवून आत जाईल एवढा. रेडिओवर रीळ करकरत राहिलं. मग डेसचा 'अरे' ऐकू आला, आश्चर्य वाटल्यासारखा, एकदाच. केल्विन अगदी त्याच्या शेजारी उभा होता, हाताच्या अंतरावर.

पण केल्विन सभ्य माणूस होता. त्याने हात लावला नाही.